तुंबलेली मोरी आणि बाजारचीं औषधें

घराची पारख करावयाची झाली म्हणजे पाहुणा दिवाणखाना पाहतो आणि माहेरवाशिणी स्वयंपाकघर पाहतात; परंतु घराचें आरोग्य पाहावयाचें असेल तर मोरीकडेच गेलें पाहिजे. ज्या घरांत देवघराची फरशी दिवसांतून दोनदां पुसली जाते, त्याच घरांत मोरीच्या जाळीखालीं काय सांचलें आहे याची चौकशी, पाणी उलटून वर येईपर्यंत, कोणी करीत नाहीं. विषय कांहींसा ओंगळ आहे खरा. पण तो टाळल्यानें ओंगळपणा टळत नाहीं. शिवाय मोरी तुंबली असतां आपण घाईघाईनें जें औषध आणतों, तें मूळ दुखण्यापेक्षां पुष्कळदां अधिक भयंकर असतें. म्हणून आज याच विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणादाखल हिंगोली जिल्हा घेऊं. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा; हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगांव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पांच तालुके. इकडील जुन्या घरांतून मोरीचें पाणी दगडी पन्हळीवाटें परसांतील अळूच्या नाहीं तर केळीच्या आळ्यांत जाई. पाणी कळशीनें मोजून वापरलेलें, भांडीं राखेनें घांसलेलीं आणि डोकीं शिकेकाईनें न्हालेलीं. तेव्हां पन्हळ तुंबलीच तर एक काटकी पुरे होई. पुढें घरांत नळ आला. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जाहीर झालेल्या जलजीवन मिशनामुळें खेड्यांतील घरांपर्यंतही नळ नेण्याचें काम सुरू झालें. पाणी आंत आणण्याची जेवढी आस्था आपण दाखविली तेवढी तें बाहेर घालविण्याची मात्र दाखविली नाहीं. राखेच्या जागीं साबण आला, उघड्या पन्हळीच्या जागीं भिंतींत पुरलेली प्लॅस्टिकची नळी आली, आणि काटकीच्या जागीं दुकानांतील बाटली आली.

मोरी तुंबते कशानें?

औषध घेण्यापूर्वीं रोग ओळखावा हा वैद्यकाचा नियम येथेंही लागू आहे. स्वयंपाकघरांतील मोरीचा शत्रु म्हणजे स्निग्धांश. तूप, तेल व साय हीं ऊन असतांना पातळ असतात; नळींत जरा पुढें गेलीं कीं निवतात आणि तिच्या आंतल्या अंगास चिकटतात. त्यावर भाताचीं शितें, वरणाचा गाळ आणि चहाची पत्ती यांचे थर बसतात. थंडीच्या दिवसांत ही मोरी अधिक तुंबते याचें कारण हेंच. न्हाणीघरांतील मोरीचा शत्रु निराळा. तेथें केस आणि साबण यांचें संगनमत असतें. केस जाळें विणतात आणि साबणाचा साका त्यांत अडकून बसतो.

साबणाच्या या साक्याचा आणि भूमीचा संबंध आहे. हिंगोलीचा बहुतेक प्रदेश दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. अशा खडकांत मुरलेल्या विहिरींच्या व बोअरच्या पाण्यांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार बहुधा उतरलेले असतात. असें जड पाणी साबणाशीं मिळालें म्हणजे फेस थोडा आणि पांढरट, चिकट, न विरघळणारा साका फार, असा प्रकार होतो. बादलीच्या कडेस बसणारी जी चिकट रेघ गृहिणी रोज घांसून काढतात, तीच वस्तु नळीच्या आंतही बसत असते. मात्र तेथें घांसणारा हात पोंचत नाहीं. त्यांत मराठवाड्याचा उन्हाळा म्हणजे पाण्याची टंचाई. पाणी जपून वापरलें पाहिजे हें योग्यच. पण जपून वापरलेल्या पाण्याचा लोट नळी धुऊन नेण्याइतका जोरदार नसतो. यामुळें चैत्र-वैशाखांत सांचलेलें मळ आषाढांत, ऐन पावसांत, उफाळून वर येतात.

न्हाणीच्या जाळीखालीं जो वांकडा भाग असतो त्यास नळकाम करणारे ‘न्हाणी ट्रॅप’ म्हणतात. आपल्या न्हाणीचें नांव बांधकामाच्या व्यवहारांत महाराष्ट्राबाहेरही या रूपानें चालतें. या भागांत नेहमीं थोडें पाणी अडून राहतें आणि तें गटाराची दुर्गंधि व झुरळें घरांत येऊं देत नाहीं. लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नांवाच्या घड्याळजीनें १७७५ सालीं शौचकूपासाठीं नळीच्या अशा बांकाचें पेटंट घेतलें, आणि आजही जगभर तीच युक्ति चालू आहे. जें न्हाणीघर महिनोन्महिने बंद असतें तेथील हें पाणी सुकून दुर्गंधि येऊं लागते. तेथें औषधाची गरज नसते. आठवड्यास तांब्याभर पाणी ओतलें म्हणजे काम भागतें.

बाजारांत काय मिळतें?

पहिलें म्हणजे ॲसिड. हातगाडीवर किंवा किराणा दुकानांत बाटलींतून मिळणारें स्वस्त ॲसिड बहुधा हैड्रोक्लोरिक असतें. मोरीवर तें ओततांच फसफस होते, आणि मळ निघाला असें समजून घरचीं मंडळी संतोष पावतात. परंतु फसफसतें काय हें पाहिलें पाहिजे. मराठवाड्यांतील पुष्कळ मोऱ्यांस शहाबादी फरशी बसविलेली असते, आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील शहाबादचा हा दगड म्हणजे चुनखडी होय. ॲसिडानें चुनखडी विरघळते आणि कर्बवायु फसफसून बाहेर पडतो. अर्थात् तो फेस मळाचा नसून आपल्या फरशीचा व तिच्या सांध्यांतील सिमेंटाचा असतो. तेलाला आणि केसाला हें ॲसिड जवळजवळ कांहींच करीत नाहीं. म्हणजे तुंबलेलें तसेंच राहतें आणि न तुंबलेलें मात्र झिजतें. नळ्या उघडण्यासाठीं म्हणून विकलें जाणारें तीव्र गंधकाम्ल याहूनही उग्र. तें केसांस जाळतें, पण पाण्याशीं मिळतांच उकळून अंगावर उडतें. घरगुती उपयोगास तें मुळींच योग्य नव्हे.

दुसरें औषध कॉस्टिक सोडा. बाजारांतील नळी साफ करण्याचीं पुष्कळशीं चूर्णें याच्याच आधारानें बनविलेलीं असतात. अमेरिकेंतील ड्रॅकेट कंपनीनें १९२३ सालीं ‘ड्रॅनो’ नांवाचें चूर्ण बाजारांत आणलें, त्यांत कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे कण अशी योजना होती. पाणी लागतांच सोडा तापतो, ॲल्युमिनियमशीं मिळून वायु सुटतो, स्निग्धांशाचा साबण होतो आणि केस मऊ पडून तुटतात. हें औषध खरोखर गुणकारी आहे, आणि म्हणूनच तें जपून वापरण्याजोगें आहे. जें चरबीचा साबण करतें, तें हाताच्या कातडीचा आणि डोळ्याचाही नाश करतें.

तिसरें, कपडे पांढरे करण्याचें ब्लीच. त्यानें वास मारतो आणि जंतु मरतात. तुंबलेली नळी मात्र उघडत नाहीं. चवथा प्रकार खाण्याचा सोडा व व्हिनेगर किंवा लिंबू यांच्या मिश्रणाचा. हा हल्लीं मोठ्या उत्साहानें सांगितला जातो. यांत फेस भरपूर येतो. पण आम्ल आणि क्षार हीं एकमेकांस मारून टाकतात आणि शेवटीं खारट पाण्यापलीकडे फारसें कांहीं उरत नाहीं. मिश्रण निरुपद्रवी आहे, परंतु तुंबलेल्या मोरीस निरुपयोगीही आहे. त्यापेक्षां साधा धुण्याचा सोडा ऊन पाण्यांत विरघळवून ओतला तर तेलाचा थर अधिक सुटतो.

पांचवा प्रकार एन्झाइमांच्या किंवा जंतूंच्या चूर्णांचा. यांतील सूक्ष्म जंतु अन्नाचा व तेलाचा मळ हळूहळू पचवितात. रात्रीं निजतांना घालावें आणि सकाळपर्यंत नळ सोडूं नये, अशी याची रीत. पूर्ण बंद झालेली नळी यानें उघडत नाहीं. पण दर पंधरवड्यास घातल्यास सांचणें कमी होतें. ब्लीचबरोबर किंवा कॉस्टिकबरोबर तें घालणें म्हणजे जंतु विकत आणून मारणेंच होय.

मुलांचा हात आणि बाटलीची जागा

एकत्र कुटुंबांत लहान मुलें असतात, दृष्टि मंदावलेलीं वृद्ध माणसें असतात, आणि एक वस्तु दहा जणांच्या हातीं जाते. अशा घरांत सरबताच्या किंवा पाण्याच्या जुन्या बाटलींत भरून ठेवलेलें ॲसिड म्हणजे दबा धरून बसलेला साप समजावा. फिलाडेल्फियांतील शस्त्रवैद्य शेव्हॅलिअर जॅक्सन यांच्याकडे, घरांतील कॉस्टिक चुकून गिळल्यामुळें अन्ननलिका भाजून आखडलेलीं मुलें उपचारासाठीं येत. घोटभर पाणीही गिळतां न येणाऱ्या त्या मुलांकरितां त्यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, आणि १९२७ सालीं अशा पदार्थांच्या डब्यांवर विषाची सूचना छापणें भाग पाडणारा कायदा अमेरिकेंत झाला. आपल्याकडे ॲसिडाच्या विक्रीस निर्बंध घालणारा आदेश सर्वोच्च न्यायालयानें १८ जुलै २०१३ रोजीं लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यांत दिला. विक्रेत्यानें नोंदवही ठेवावी, घेणाऱ्याचें छायाचित्र असलेलें सरकारी ओळखपत्र पाहावें, खरेदीचें कारण लिहून घ्यावें आणि अठरा वर्षांखालील कोणास तें विकूं नये, असें त्यांत सांगितलें आहे. तेव्हां कोणत्याही चिठ्ठी-चपाटीवांचून, चिन्ह नसलेल्या बाटलींतून ॲसिड देणारा दुकानदार आपली सोय करीत नसून आपणांस संकटांत टाकीत आहे, हें ओळखावें.

आणखी एक गोष्ट प्रत्येक घरांतील मोलकरणीस व सुनेस समजावून द्यावी. दोन औषधें कधींही एकत्र करूं नयेत. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलीं कीं क्लोरीन वायु सुटतो. पहिल्या महायुद्धांत २२ एप्रिल १९१५ रोजीं ईप्र येथें जर्मन सैन्यानें शत्रूवर सोडलेला विषारी वायु तोच. खिडकी नसलेल्या आपल्या लहानशा न्हाणीघरांत तो थोडाही पुरेसा असतो. शौचकूप साफ करण्याच्या निळ्या द्रवांतही बहुधा हैड्रोक्लोरिक ॲसिड असतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

अपघात झालाच तर कातडीवर किंवा डोळ्यांत उडालेलें औषध वाहत्या पाण्यानें निदान पंधरा-वीस मिनिटें सतत धुवावें. कोणी गिळलें असल्यास ओकारी काढण्याचा यत्न करूं नये, कारण भाजलेली अन्ननलिका वर येतांना पुन्हां भाजते. उतारा म्हणून लिंबू किंवा सोडाही देऊं नये. तोंड धुऊन १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि औषधाची बाटली बरोबर घेऊन दवाखान्यांत जावें.

मोरीपलीकडे

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. आपण मोरींत जें ओततों तें जाळीखालीं गेलें म्हणजे संपलें असें नव्हे. हिंगोली जिल्ह्यांतील खेड्यांत तें बहुधा अंगणांतील शोषखड्ड्यांत, उघड्या नालींत किंवा शौचालयाच्या टाकींत जातें. तेथून पुढें ओढ्यांत आणि मातींत. नर्सी नामदेवाच्या आणि हिंगोलीच्या कडेनें वाहणारी कयाधू पुढें पैनगंगेस मिळते. आपली मोरी त्याच वाटेवरील पहिलें ठिकाण आहे.

शेजारच्या नांदेड जिल्ह्यांतील हिमायतनगर तालुक्यांत टेंभुर्णी नांवाचें गांव आहे. तेथें घरोघर सांडपाण्याचे शोषखड्डे केल्यामुळें उघड्या नाल्या राहिल्या नाहींत, डास नाहींसे झाले, आणि ही पद्धत पुढें ‘नांदेड पॅटर्न’ म्हणून प्रसिद्धीस आली. अशा खड्ड्यांत पाणी दगडगोट्यांच्या थरांतून झिरपत मातींत मुरतें, आणि त्यांतील मळ मातींतील जंतु खाऊन टाकतात. हे जंतु म्हणजे आपल्या घरचे बिनपगारी नोकर होत. तेलकट पाण्यानें खड्ड्याचीं छिद्रें बुजतात, आणि वारंवार ओतलेल्या ॲसिडानें, कॉस्टिकनें व ब्लीचनें हे नोकर मरतात. शौचालयाच्या टाकीचीही गोष्ट तीच. त्यांतील जंतु मळ कुजवून त्याचें आकारमान कमी करतात. मोठ्या प्रमाणांत तीव्र औषध आंत गेलें कीं हें काम मंदावतें, टाकी लौकर भरते, आणि ती उपसण्याची वेळ आली कीं कोणास तरी बोलवावें लागतें.

त्या ‘कोणास तरी’ या शब्दांत जो माणूस दडलेला आहे त्याचा विचार आपल्या घरांत सहसा होत नाहीं. मे २०२३ मध्यें परभणी जिल्ह्यांतील सोनपेठ तालुक्यांत भाऊचा तांडा येथें अशी एक टाकी साफ करीत असतां पांच मजूर गुदमरून मेले. टाकींत हैड्रोजन सल्फाइड आणि मिथेन हे वायु सांचतात व प्राणवायु उरत नाहीं. हैड्रोजन सल्फाइडाचा कुजक्या अंड्यासारखा वास प्रथम येतो, पण वायु दाट असेल तर नाकच बधिर होतें आणि वास गेला म्हणजे धोका गेला असें वाटूं लागतें. पहिला माणूस पडला कीं त्यास काढावयास दुसरा उतरतो, आणि तोही तेथेंच राहतो. २०१३ सालच्या कायद्यानें टाकींत वा गटारांत माणूस उतरवून अशी धोक्याची सफाई करवून घेणें हा गुन्हा ठरविला आहे. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊं शकतात. आणि हा कायदा नगरपरिषदेप्रमाणें खासगी घरमालकासही लागू आहे. गटारांतील अशा मृत्यूंबद्दल कुटुंबास द्यावयाची भरपाई ऑक्टोबर २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. पण भरपाईनें माणूस परत येत नाहीं. शुचिर्भूतपणाचा अभिमान बाळगणाऱ्या घरांनीं आपली स्वच्छता दुसऱ्याच्या प्राणावर उभी राहत नाहीं ना, हें एकदां अवश्य तपासून पाहावें. टाकी दोन-तीन वर्षांनीं नियमानें, यंत्राच्या गाडीनेंच उपसून घ्यावी. माणूस आंत उतरवून काम स्वस्तांत करून देतों असें कोणी म्हटलें तर त्यास दारांतूनच परत पाठवावें.

घरची रीत

आतां व्यवहाराची गोष्ट. आमच्या मतें उपायांचा क्रम पुढीलप्रमाणें असावा.

खरकटें मोरींत जाऊं देऊं नये. ताटें-पातेलीं पाण्याखालीं धरण्यापूर्वीं पुसून घ्यावीं, आणि कढईंतील तळणाचें उरलेलें तेल मोरींत न ओततां रद्दी कागदानें टिपून कचऱ्यांत टाकावें. न्हाणीच्या भोंकावर बारीक छिद्रांची स्टीलची जाळी बसवावी आणि न्हाणें झाल्यावर केस वेंचावे. आठवड्यांतून एकदां स्वयंपाकघराच्या मोरींत लहान वाटीभर धुण्याचा सोडा ऊन पाण्यांत विरघळवून ओतावा व मागून आणखी दोन तांबे ऊन पाणी सोडावें. नळी प्लॅस्टिकची असेल तर उकळतें पाणी ओतूं नये. सुमारें साठ अंशांपलीकडे ती मऊ पडूं लागते आणि सांधे सुटतात.

इतकें करूनही पाणी तुंबलें तर प्रथम हातमोजे घालून जाळी काढावी आणि आंतील केस ओढून घ्यावे. बहुतेक न्हाण्या एवढ्यानेंच मोकळ्या होतात. भांडीं घांसण्याच्या सिंकखालील बाटलीसारखा भाग हातानें फिरवून निघतो. खालीं बादली ठेवून तो उघडावा व धुवावा. त्यानंतर लाकडी दांड्याचा रबरी पंप घ्यावा. रबराची वाटी बुडेल इतकें पाणी मोरींत ठेवून, दुसरीं छिद्रें ओल्या फडक्यानें बंद करून, पंधरा-वीस वेळां जोरानें दाबावें व ओढावें. त्यानेंही भागलें नाहीं तर स्प्रिंगची तार चालवावी. घरांतील एकाहून अधिक मोऱ्या एकाच वेळीं तुंबल्या असतील तर अडथळा बाहेरच्या चेंबरांत आहे असें समजावें; तेथें कितीही औषध ओतलें तरी पैसा फुकट जातो.

कॉस्टिकची पाळी सर्वांत शेवटीं. तें घ्यावयाचेंच झालें तर मूळच्या बंद डब्यांतलें, छापील सूचना असलेलें घ्यावें आणि सांगितलेल्या मापाहून अधिक घालूं नये. हातमोजे व डोळ्यांवर चष्मा घालावा, खिडकी उघडावी, मुलांस बाहेर पाठवावें. कॉस्टिक कालवावयाचें असेल तर तें नेहमीं थंड पाण्यांत थोडें थोडें सोडावें, त्यावर पाणी कधींही ओतूं नये. आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांत तर कालवूंच नये. औषध घातल्यावर रबरी पंप मारूं नये, कारण तेंच पाणी तोंडावर उडतें. एवढें करूनही नळी उघडली नाहीं आणि नळकाम करणारा बोलवावा लागला, तर आंत काय ओतलें आहे हें त्यास प्रथम सांगावें. तो आपला हात त्या पाण्यांत घालणार असतो.

हें सर्व काम सुनेच्या माथीं मारूं नये, ही शेवटची विनंति. रबरी पंप चालविण्यास पुरुषांचे हात चांगले उपयोगी पडतात, आणि दर रविवारीं जाळी साफ करण्याचें काम शाळेंतल्या मुलांकडे द्यावयास हरकत नाहीं. एक जाळी, एक रबरी पंप आणि शेरभर धुण्याचा सोडा एवढी सामग्री घरांत असली म्हणजे ॲसिडाच्या बाटलीस फळीवर जागाच ठेवावी लागत नाहीं. हिशेबाच्या वहींतही हा खर्च लहानच दिसेल.